आधी मॅगझिनमधल्या गोळ्या मोजा!

डोकं फिरतं माझं! पुन्हा एक युद्धपट, पुन्हा तोच हिरो आणि पुन्हा ती कधीच न संपणारी मॅगझिन, म्हणजे रायफलला लावायची गोळ्यांची पेटी. एके-४७ च्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात आणि ही रायफल मिनिटाला साधारण ६०० च्या वेगाने गोळ्या झाडते. ट्रिगर दाबून धरला तर तीन सेकंदांत खेळ खलास. तीन सेकंद! आणि पडद्यावर हा माणूस रायफल कंबरेला लावून अख्खं पार्श्वसंगीत संपेपर्यंत फायर करतोय.

बोललं की ठरलेलं उत्तर, 'अरे पिक्चर आहे, एवढं काय मनावर घेतोस?' घेणार! गोळ्या संपतात म्हणूनच तर सैनिक बघून, मोजून फायर करतो. मॅगझिन बदलायच्या वेळी शेजारच्याला ओरडून सांगतो आणि तो शेजारचा तेवढा वेळ शत्रूला डोकं वर काढू देत नाही. त्या काही सेकंदांत एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात असतो. याहून मोठं नाट्य कुठला पटकथाकार लिहिणार आहे? पण नेमकं तेच कापायचं आणि तिथे स्लो मोशनमध्ये किंचाळणारा हिरो घालायचा.

ग्रेनेडचं तर विचारूच नका. म्हणे दाताने पिन उपटली! पिनची टोकं वाकवलेली असतात, ती ओढायला हातालाही जोर लावावा लागतो. दाताने ओढायला गेलात तर आधी दात बाहेर येईल. आणि फुटला की पेट्रोलचा टँकर उडाल्यासारखा केशरी आगीचा लोळ. खरा ग्रेनेड फुटतो तेव्हा कानठळ्या बसवणारा आवाज होतो, धूळ-धूर उडतो आणि चारी दिशांना धातूचे तुकडे सुटतात. माणूस मरतो तो बहुतेक त्या तुकड्यांनी. म्हणून तर गस्तीवरचे जवान अंतर ठेवून चालतात, एका स्फोटात सगळे जायला नकोत. सिनेमात मात्र दहाच्या दहा जण खांद्याला खांदा लावून उघड्या माळावरून गप्पा मारत निघालेत. का? तर सगळे एका फ्रेममध्ये मावले पाहिजेत! हेल्मेटचंही तेच. चेहरा दिसायला हवा, मग हिरो भर गोळीबारात बोडक्या डोक्याने आणि बाकीच्यांचे हनुवटीचे पट्टे लोंबतायत.

गाडीच्या दाराआड लपून लढणारे वेगळेच. रायफलची गोळी त्या पत्र्यातून आरपार जाते हो!

बजेटचं कारण मला सांगू नका. १९६५ च्या 'बॅटल ऑफ द बल्ज' या दुसऱ्या महायुद्धावरच्या सिनेमात जर्मन टायगर रणगाडे म्हणून अमेरिकी पॅटन रणगाडे उभे केले होते. ते एक वेळ समजू शकतो, चालू स्थितीतले टायगर आणणार कुठून? पण हनुवटीचा पट्टा लावायला किती पैसे पडतात? नेम धरायच्या आधी ट्रिगरवरचं बोट बाजूला ठेवायला किती पडतात?

श्रेयनामावलीत लष्करी सल्लागाराचं नाव असतं. मग त्याचं ऐका ना! तो 'असं नसतं' म्हणाला तर शॉट पुन्हा घ्या. 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावून तिकिटं विकता, शहीद झालेल्यांची खरी नावं वापरता आणि ती माणसं लढली कशी, तेवढंच धडधडीत खोटं दाखवता.