कँटोनीजमध्ये ‘हयात आहेत का?’ कसं विचारतात : फॉरवर्डमधल्या तीन चुका

कँटोनीज (हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी चिनी भाषा) शिकणाऱ्यांत एक मजकूर फिरतोय : ‘चार आणि मरण यांना एकच शब्द आहे, म्हणून मरणाचा शब्द कोणी उच्चारत नाही; माणूस हयात आहे का हे विचारायला “साङ” (जिवंत) वापरा.’ तिन्ही विधानं चूक, आणि तिसरं तर चारचौघांत फजिती करणारं.

एकच शब्द नाही. दोन्हीकडे ‘सेइ’ आहे, पण सूर वेगळे (शब्दाला जोडलेला आकडा म्हणजे सुराचा क्रमांक) : मरणाचा 2, म्हणजे चढता, चारचा 3, म्हणजे मधल्या पट्टीत सपाट. हाँगकाँगच्या कित्येक इमारतींत 4, 14, 24 हे मजले गाळतात ते नुसत्या साम्यामुळे. 14 (सप6 सेइ3) तर ‘नक्की मरणार’ (सत6 सेइ2) याच्या फारच जवळ जातं.

उच्चारत नाहीत म्हणावं, तर उकाड्याने जीव गेला (यित6 सेइ2) हे सर्रास ऐकू येतं. गाडी बंद पडली की ‘सेइ2 फॉ2’, आग मेली. टाळतात ते आदराने बोलायच्या माणसाबाबत.

आता ‘साङ1’. मासळीच्या टाकीतला ताजा, वळवळता माल म्हणजे ‘साङ1 माङ5’; म्हणून माणसाची चौकशी करताना हा शब्द नको. कुणाच्या आजोबांबद्दल विचारायचं तर : ‘चुङ6 हइ2 म्4 हइ2 तोउ6 आ3?’ शब्दशः, अजून इथे आहेत की नाहीत? (च ‘चांदोबा’तला; रोमन लिपीत तिथे झेड असतो, पण झ म्हणू नका. तसाच डी म्हणजे त, जी म्हणजे क.)

खरी गफलत उत्तरात होते. फोनवर ‘म्4 हइ2 तोउ6’ ऐकलं तर माणूस घरी नाही, एवढंच. त्याआधी ‘यी5 किङ1’ (केव्हाच) आलं आणि विषय प्रकृतीचा किंवा वयाचा असेल, तर तो या जगात नाही. ‘चउ2 चॉ2’ (गेला) याचंही तेच : ‘बाबा गेले’ म्हणजे ऑफिसला की कायमचे, हे मराठीतही संदर्भावरूनच कळतं. संदिग्धता नको असेल तेव्हा ‘क्वॉ3 सन1’ म्हणावं. ‘वारले’इतकं स्वच्छ आणि सभ्य. वडीलधाऱ्यांसाठी औपचारिक भाषेत ‘किन6 चॉइ6’, म्हणजे हयात आणि सुखरूप.

‘साङ1 छिन4’ (हयातीत) मात्र फक्त मृतांसाठी. धडधाकट माणसाला तो लावलात, तर बोलता बोलता त्याला मारून टाकलंत.

‘खारवलेली बदकाची अंडी विकायला गेला’ हा वाक्प्रचार हौसेने शिकवणारे पुष्कळ आहेत. तो ‘खपला’च्या जातीचा, सांत्वनाला गेल्यावर तोंडातून काढू नये.