आधी कूलिंग, मग पॉवर

जुन्या गाडीची पॉवर वाढवण्यावर एका लेखात म्हटलंय का जुनी होंडा सिटी व्हीटेक घेतली की पहिले हेडर (इंजिनाचा धूर मोकळा बाहेर काढणारे पाइप) आणि ओपन एअर फिल्टर (डब्याशिवायचा उघडा फिल्टर) टाका. भाऊ, नागपुरात असं नका करू. मे महिन्यात इथं ४५ डिग्री, अन् बोनेटखाली त्याहून किती जास्त, तो ओपन फिल्टर गरमच हवा ओढते अन् वर्धा रोडच्या सिग्नलवर गाडी नॉक करायला, म्हणजे इंजिनात ठोके द्यायला लागते, त्यापेक्षा बंपरमागून थंड हवेचा पाइप आणा.

मी माझी १.५ व्हीटेक घेतली तेव्हा सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत चहासारखं पाणी, आधीच्या मालकाच्या मेकॅनिकनं कितीक वर्षं बोअरचं पाणीच भरलं होतं, कूलंट नाहीच. रेडिएटर, थर्मोस्टॅट, होज सगळं बदललं, टायमिंग बेल्ट अन् वॉटर पंपपण सोबतच करून घेतला कारण खोलायची मेहनत एकच असते. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) चेक केलं, आकडे जवळजवळ सारखे आले तेव्हाच जीवात जीव आला.

कंपनीनं दिलेली १०६ बीएचपी आधी पूर्ण परत मिळू द्या. वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, व्हीटेक कॅम बदलते (व्हॉल्व्ह जास्त उघडते) तेव्हाचा तो आवाज, काय सांगू, अजूनही अंगावर काटा येते.

अन् दुसरं इंजिन टाकायचा विचार असेल तर आधी आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद पाहिजेच. १५ वर्षांनंतरचं पाच वर्षांचं नूतनीकरण कधी संपते तेपण घेण्याआधी बघा, अन् गाडीवरचा चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा.