छोटा रीफ टँक सोपा असतो म्हणे! जरा एकेक मुद्दा बघूया

रीफ टँक म्हणजे घरात समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळायची मिठाच्या पाण्याची टाकी. त्याबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय. ४० लिटरच्या टाकीत मिठाचं पाणी करा, लाईव्ह रॉक (बॅक्टेरिया आणि छोटे जीव असलेले समुद्री दगड) ठेवा, बाटलीतले बॅक्टेरिया ओता, दुसऱ्या दिवशी क्लाउनफिश आणि ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) आणा, पाणी उडालं की परत मिठाचंच पाणी भरा, पाणी बदलू नका, रॉकवर नको ते उगवलं तर रॉक उकळून घ्या, टाकी छोटी म्हणून सगळं सोपं. असले सल्ले वाचून लोक मासे-कोरल आणतात आणि ते बिचारे मरतात, म्हणून लिहितेय.

"छोटी टाकी सोपी." अजिबात नाही, काच पुसायला सोपी एवढंच. पाणी जितकं कमी तितकं ते पटकन बिघडतं, ४०० लिटरमध्ये एक मासा कोपऱ्यात मरून पडला तर निभावून जाईल, ४० लिटरमध्ये तोच मासा अख्खी टाकी घेऊन जाऊ शकतो. तापमानाचंही तेच, दुपारी चढलं की लगेच चढतं.

"उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी." हा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. हिशोब करून बघा ना, ४० लिटर पाणी, लिटरला ३५ ग्रॅम मीठ, रोज एक लिटर उडतं असं धरा आणि तुम्ही रोज एक लिटर मिठाचं पाणी भरताय, म्हणजे रोज ३५ ग्रॅम मीठ जास्तीचं, आठवड्यात ३५ चं ४१ होतं! कोरल, कोळंबी यांना हे झेपत नाही. टॉप-अप कायम बिनमिठाच्या आरओ-डीआय (फिल्टरने सगळे क्षार काढलेल्या) पाण्यानेच करायचा, रोज थोडा थोडा, नाहीतर ऑटो टॉप-अप (आपोआप पाणी भरणारं यंत्र) लावा. मिठाचं पाणी फक्त वॉटर चेंजला. आणि जेवणातलं मीठ चालेल का असं विचारतात त्यांना, नाही, समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं, ते त्यात नसतं.

"दुसऱ्या दिवशी मासे." माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारी) आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. बाटलीतले बॅक्टेरिया काही ठिकाणी कामाला येतात, मान्य. पण ते रुजलेत की नाही हे टेस्ट किट सांगणार, कॅलेंडर नाही. थोडा अमोनिया घालून बघा, २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) पुरे, २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तरच सायकल झाली, म्हणजे टाकी माशांसाठी तयार झाली. बऱ्याचदा चार ते सहा आठवडे जातात. इथे पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि एवढ्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्याच्या साध्या टाकीपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, त्यामुळे घाई इथे जास्त महागात पडते.

"क्लाउनफिशला ॲनिमोन लागतोच." टाकीत नाही लागत, त्याच्याशिवाय तो मजेत जगतो. ॲनिमोनला मात्र भरपूर लाईट आणि मुरलेली टाकी लागते, शिवाय तो जागा सोडून फिरतो, पंपात अडकून चिरडला की पाणी खलास.

"पाणी बदलू नका." कडक कोरल सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट क्षार) खातात, ती कुठून येणार? छोट्या टाकीत दर आठवड्याला १० टक्के बदललं तरी बरंच भागतं.

आणि रॉक उकळायचा सल्ला, हा तर माणसांच्या जिवावर उठणारा आहे. रॉकवर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे मऊ कोरल) असतील तर काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, उकळल्यावर ते वाफेबरोबर घरभर पसरतं, अशा वाफेने अख्खी कुटुंबं हॉस्पिटलमध्ये गेलेली आहेत. रॉक उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, ब्रशने घासू नका. हात घालताना ग्लोव्हज आणि चष्मा घाला. त्यानंतर ताप, खोकला, धाप असं काही वाटलं तर ताबडतोब डॉक्टरकडे जा आणि घरात कोरल आहेत हे पहिल्यांदा सांगा.