‘पोट भरलेल्यांचे चोचले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

डिझायनर स्वतःला काय समजतो, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘ओळखबिळख हे पोट भरलेल्यांचे चोचले. क्लायंट पैसे देतो, आपण काम देतो, विषय संपला.’ मतभेदाला माझी ना नाही. पण स्वतःचं नाव न देता मला ‘एसीत बसून प्रवचन झोडणारा’ म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? माझ्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?

एक मान्य करतो. लेख अक्षरं, जाहिरात आणि छपाई यांच्याभोवतीच फिरला. वस्तू, वाहनं घडवणारे डिझायनर त्यात आले नाहीत.

आता पोटाचं. मी सुरुवात केली पुण्यात, आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात, डीटीपी ऑपरेटर म्हणून, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर टाइप करून पानं लावणारा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि स्क्रीनला बोट लावून सांगायचं, ‘हे मोठं करा, इथे गणपती टाका.’ चूक त्याची असली तरी पगार माझा कापला जायचा. तिथेच एकदा लहान मुलांची पुस्तिका आली. पानं वाचवायची म्हणून ओळी इतक्या दाटल्या होत्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसत होते. नुकतं वाचायला शिकलेलं पोर तिथे अडखळणारच. मी अंतर वाढवलं, पानं वाढली, मालकाशी भांडण झालं. आपण नुसते ऑपरेटर नाही, हे मला तेव्हा कळलं. माझं पोट तेव्हा भरलेलं नव्हतं, साहेब.

१९७२च्या कायद्यामुळे नोंदणीशिवाय कुणाला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. डिझायनरला असलं कुंपणच नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून तर आपण कोण, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं : आपण कशाला नाही म्हणतो आणि कोणत्या निर्णयाचं कारण देऊ शकतो, यावरून. अक्षरकार कमल शेडगे ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कला विभागात नोकरीच करत होते. पण पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातीतली अक्षरं बघून लोक म्हणायचे, हे शेडग्यांचं. सुलेखनकार र. कृ. जोशी ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत होते. पुढे त्यांनी मुंबई आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या विभागात, शिकवलं, संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडवला. दोघांनीही दुसऱ्यासाठी, पैसे घेऊन काम केलं. अक्षरासाठी त्यांनी धरलेला आग्रह हे चोचले म्हणायचे का? तुमची हिंमत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

कॅनव्हा, एआय आणि ‘५०० रुपयांत लोगो’ यांवरच्या तुमच्या लांबलचक मजकुराला मी उत्तर देणार नाही, लेखाचा तो विषयच नव्हता. ‘चोचले’ हा शब्द मात्र मागे घ्या. आजही कितीतरी पोरं रात्री उशिरापर्यंत छापखान्यात करेक्शन मारत बसतात आणि कुणी सांगितलेलं नसताना एखादी वेलांटी नीट करतात. आणि पुढच्या वेळी नावानिशी लिहा.