काठाला कात्री लावताना

आपल्या साडी-खण-चादरीतून जुने युरोपी पोशाख शिवायचे, तर कागदावर सगळं जमतं. खाली इरकलीचा काठ, वर व्हिक्टोरियन झग्याचा घेर, दंडाला फुगे, पाठीला नाड्या. खरा छळ सुरू होतो सोलापूरच्या नव्या पेठेत, दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसल्यावर. "१८५० सालच्या घेराला चालेल असं काही दाखवा," म्हटलं तरी दुकानदार अडत नाही. "आहे की ओ ताई," म्हणतो आणि लेगिंगचं कापड काढतो.

सगळ्या भांडणाचं मूळ काठात आहे. आपली साडी मागावरून उतरते तीच काठ-पदरासकट पुरी होऊन. तिला कात्रीची अपेक्षाच नसते. तिकडचा शिंपी मात्र वाकडं कापून अंगाला बसवतो. कळ्यांच्या, म्हणजे वर अरुंद-खाली रुंद तुकड्यांच्या, घेराची तळकड गोल येते आणि सरळ काठ गोलावर बसत नाही. ओढूनताणून बसवलाच, तर इस्त्रीवाला आपल्याला ओळखेनासा होतो.

म्हणून माझं ठाम मत: काठाची साडी असेल तर १८६० च्या आधीचा घेर उचलावा. तेव्हा सरळ पट्टे कमरेला चुण्यांनी गोळा करत. कळ्या नंतर रुळल्या. साडी साडेपाच मीटर, त्यातून पदराचा एक मीटर वजा, म्हणजे साडेचार मीटर घेर मिळाला आणि काठ आयता तळाशी. पन्हा ४५ इंच, कमरेपासून उंची ४० इंच. वरचे पाच इंच कापायचे नाहीत, आत दुमडायचे. त्या दुमडीवर हाताने अर्ध्या-अर्ध्या इंचाचे दोन समांतर धावदोरे घालून ओढले की २८ इंची कमरेत सगळं मावतं. यंत्राच्या चुण्या घातल्या तर कमरेला उशी बांधल्यासारखं दिसतं. इरकलीचा पदर अंगाला धाग्यांच्या फासांनी जोडलेला असतो. तो सांधा कमरेत किंवा काखेत, म्हणजे ताणाच्या जागी, आणू नये.

खणाची तऱ्हा वेगळी. पन्हा जेमतेम तीस इंच, त्यामुळे अंगरख्याच्या कळ्यांना उत्तम. आयत तिरका कापला की दोन कळ्या, वाया काही नाही. फक्त एक कळी उलटी फिरवावी लागते आणि कोयरीची बुट्टी असेल तर अर्ध्या अंगरख्यावर कोयऱ्या शीर्षासन करतात. बुट्टी दोन्हीकडून सारखी दिसते ना, हे गादीवरच उलटंसुलटं धरून बघावं. तिरप्या कडा लोंबतात, तेव्हा शिवलेला अंगरखा रात्रभर टांगून मगच तळ सारखा करावा.

आता "प्युअर सिल्क". एक धागा घरी नेऊन जाळावा. दुकानात काडी पेटवू नये, माणसं गैरसमज करून घेतात. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर रेशीम. कागदाचा वास आला तर सुती किंवा रेयॉनचं आर्ट सिल्क. गोळी झाली तर पॉलिएस्टर.

दुकानात ताठ उभं राहणारं सुती बऱ्याचदा खळीच्या जोरावर उभं असतं. एका धुण्यात खळ जाते आणि झग्याचा मागचा फुगवटा बसतो. म्हणून आधी पाव मीटर घ्यावं. (दुकानदाराचा चेहरा पाहू नये.) त्यावर २० सेंटिमीटरचा चौकोन आखून धुवावा. वाळल्यावर १९ भरला तर आटणं पाच टक्के, म्हणजे साडेपाच मीटरला साडेसत्तावीस सेंटिमीटर गेले. अस्तरही वेगळं धुवून बघावं. ते जास्त आटलं की तळाला सुरकुत्या येतात आणि शिव्या शिंप्याला बसतात.

"हे भेसळीचं काम कुणी सांगितलंय?" असं विचारणारे भेटतातच. भेसळ जुनीच आहे. भारतीय छापील सुती कापडाने युरोपला इतकं वेड लावलं होतं, की फ्रान्सने १६८६ साली त्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत ओढली. १८०० च्या आसपासचे उंच कमरेचे पांढरे झगे तर मलमलीचेच. मात्र आत पेटीकोट हवा; सोलापूरचं ऊन काहीही झाकून ठेवत नाही.

राहिली सोलापुरी चादर. जॅकार्डवरची विण दुहेरी, त्यामुळे पाठीमागे तीच नक्षी उलट्या रंगांत येते. अठराव्या शतकातल्या कोटाची बाही मोठी दुमडलेली असते. तिथे ही उलटी बाजू आयती झळकते, वेगळं कापड लागत नाही. फक्त कापल्या कापल्या कडेला ओव्हरलॉक, शिलाईला इंचभर माया आणि सोळा नंबरची सुई. कॉलरपाशी चार थर आले की घरगुती मशीन हात टेकतं, तिथे थर आधी पायरीपायरीने छाटावेत. आणि फोटो जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत काढावेत. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला तो कोट घालायला मॉडेलने नकार दिला, तर मी तिच्या बाजूने आहे.