एक जण खाली हवाच

परवा दुपारी मनुष्यबळ विभागाने माझी एक्सेल शीट परत पाठवली. टीममधल्या आठ जणांपुढे मी भरलेल्या रेटिंगांत ‘अपेक्षेपेक्षा कमी’ असे एकही नसल्यामुळे ‘वितरण योग्य नाही, शुक्रवारपर्यंत दुरुस्त करावे’ असा लाल अक्षरांतला शेरा तिच्यावर होता. पन्नाशीच्या माणसाला गृहपाठ परत मिळावा, तोही माझ्या भाचीच्या वयाच्या मुलीकडून, हे पचायला जरा जडच गेले.

हिंजवडीत मार्च-एप्रिल हे महिने आंब्यांचे नसून अप्रेझलचे, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाचे असतात. प्रत्येक जण आधी स्वतःला गुण देतो आणि अर्थातच पाचपैकी पाच देतो. पण आमच्या एका सद्गृहस्थांनी ‘वक्तशीरपणा’ या मुद्द्यापुढेही निःसंकोच पाच लिहिले होते.

“अहो, तुम्ही रोज पावणेअकराला येता,” मी शक्य तितक्या मवाळपणे म्हणालो.

“तेच तर सर! कधी साडेदहाला आलोय? कधी अकराला? पावणेअकरा म्हणजे पावणेअकरा. आपले बाकीचे लोक कधी सव्वानऊला येतात, कधी पावणेदहाला. त्यांचा काही भरवसा नाही.”

“पण कामकाज साडेनऊला सुरू होते.”

“ते कंपनीचं झालं, सर. मी माझ्याबद्दल बोलतोय.”

यावर काय बोलावे, हे व्यवस्थापनाच्या कोणत्याही प्रशिक्षणात मला शिकवलेले नाही. त्यांनी मग ‘नेतृत्वगुण’ या रकान्याकडे बोट दाखवले. तेथे पुरावा म्हणून माझेच एक वाक्य अवतरणचिन्हांत विराजमान झाले होते: ‘तुमच्यामुळे टीममध्ये वातावरण हलके राहते.’ हे मी त्यांच्या वाढदिवशी, केकचा तुकडा तोंडात असताना म्हणालो होतो. शेवटी मी तीनवर आलो, ते साडेचारवर अडले, निघताना ते म्हणाले, “तीन द्यायचे तर द्या सर, पण कारण लेखी द्या.” लेखी कारणाची पाच पाने लिहिण्यापेक्षा चार गुण देणे स्वस्त पडते, म्हणून मी चार दिले.

आता त्या लाल शेऱ्याकडे वळतो. वरचे 20 टक्के, मधले 70 आणि खालचे 10 अशी माणसांची विभागणी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी गाजवली, आणि माणसांना अशा सक्तीच्या रांगेत बसवण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये सोडूनही दिली. आमच्याकडे मात्र ती अजून ठाण मांडून आहे. आठ जणांचे 10 टक्के म्हणजे 0.8 माणूस होतो, असे मी त्या मुलीला फोनवर सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “सर, सिस्टीम तो एक धरते.” हजारो माणसांची उंची मोजली तर आलेखाला घंटेचा आकार येतो, म्हणजे बहुतेक जण मध्ये आणि थोडे दोन्ही टोकांना, हे खरे आहे, पण चार-चार मुलाखतींच्या चाळणीतून निवडून आणलेल्या आठ जणांत तो आकार यावा, ही अपेक्षा धरणाऱ्याला गणितात नापास करायला हवे. पण रेटिंग देण्याचे काम त्याचे असते, आपले नाही.

“मग मी कोणाला खाली टाकू?” मी विचारले.

“तुमच्याकडच्या त्या मॅडम सहा महिने नव्हत्याच ना? त्यांचं आउटपुट तसंही कमी दिसतंय.”

2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा दिली आहे. ती घेऊन परतल्यावर याच बाईंनी मार्चअखेरचे रात्रीचे रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करण्याचे काम, एकटीने निभावले, घरी तान्हे मूल असताना, आणि त्याबद्दल एकही ईमेल कोणाला पाठवला नाही. पाठवला नाही म्हणूनच शीटवर काही दिसत नाही. जो कारण लेखी मागतो त्याला चार मिळतात, आणि जी मागत नाही तिच्या नावावर तो 0.8 माणूस खपवला जातो. वर ‘फीडबॅक संवेदनशीलपणे द्यावा’ अशी सूचनाही मलाच येते.

मी शीट जशीच्या तशी पुन्हा पाठवली. आज सकाळी त्या मुलीचे अत्यंत नम्र उत्तर आले आहे: रेटिंग वेळेत अंतिम न करणे हाही व्यवस्थापकाच्या मूल्यमापनातला एक मुद्दा आहे, आणि आमच्या साहेबांच्या शीटमध्येही खालची एक जागा अद्याप रिकामीच आहे.