तात्पर्य काढण्याचा जोडधंदा

सध्या बोधाला चांगला भाव आहे. तुम्हाला गाता येत नसेल, तबला जमत नसेल, शेअर बाजारात हात पोळले असतील, तरी निराश होऊ नका. तुम्ही अधूनमधून रिक्षात बसता की नाही? वडापाव खाता? रविवारी जेवून आडवे पडल्यावर टीव्हीवर शंभराव्यांदा लागलेला सिनेमा अर्धवट झोपेत बघता? मग भांडवल तयार आहे. आता त्यातून तात्पर्य तेवढे काढायला शिकायचे.

पूर्वी हे काम इसाप करायचा. कोल्हा, द्राक्षे, चार ओळी आणि खाली तात्पर्य. पोरे ते पाठ करून दोन मार्क मिळवायची. आता त्याच कामाचे तासावर मानधन मिळते, फक्त कोल्ह्याच्या जागी रिक्षावाला घ्यायचा.

रिक्षावाल्यापासूनच सुरुवात करा, तो सोपा पडतो. तो काय बोलला याला फारसे महत्त्व नाही. पुण्यात तर तो बहुधा ‘नाही’ एवढेच बोलतो. पण त्या एका ‘नाही’त नकार द्यायचे धैर्य आहे, स्वतःच्या वेळेची किंमत आहे, शिवाय मीटरसारख्या क्षुद्र गोष्टीत न अडकण्याची वृत्ती आहे. लिंक्डइनवर लिहिताना प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीत टाकावे आणि मध्ये रिकामी ओळ सोडावी, म्हणजे वाचणाऱ्याला विचार करायला जागा मिळते आणि आपल्याला विचार करावा लागत नाही. शेवटी ‘मी निःशब्द झालो’ हे हवेच. निःशब्द झाल्यावर साधारण तीनशे शब्द लिहावेत.

व्हॉट्सअॅपसाठी मात्र मजकूर आटोपशीर ठेवा. वर उगवता सूर्य, मध्ये कमळ किंवा वाफाळता चहा, आणि वाक्याखाली व. पु. काळे यांचे नाव. व. पु. २००१ साली गेले, पण त्यांचे लेखन अजून रोज सकाळी सहाला सुरू होते. वाक्य जरा रांगडे असेल तर खाली नाना पाटेकर लिहावे. त्यांनी ते म्हटले आहे का, असे आजवर कुठल्याही काकांनी विचारलेले नाही.

इथवर झाला सराव. खरा पैसा सिनेमात आहे.

पहिला ‘लगान’ घ्या. हाही २००१चाच, पण कंपन्यांच्या ऑफसाइटमध्ये अजून ताजा आहे. लोणावळ्याकडचे एखादे रिसॉर्ट असते. खुर्च्यांना पांढरी कव्हरे, पाठीमागे सॅटिनची गाठ. सगळ्यांच्या अंगात एकाच मापात शिवल्यासारखे पिवळे टीशर्ट, त्यावर छातीवर ‘एक टीम एक स्वप्न’ आणि पोटावर ते जरा ताणलेले. मागच्या टेबलावरचे लोक मोबाइल मांडीवर धरून रील बघत असतात. सिनेमा पावणेचार तासांचा आहे. तुम्ही त्यातली बारा मिनिटे दाखवायची. मग दिवे लावायचे, माइक हातात घेऊन टेबलांच्या मधून चालायचे आणि विचारायचे, “काय दिसलं?”

त्यांना काय दिसले ते तुम्हीच सांगायचे असते. भुवन म्हणजे टीम लीडर. लाखा म्हणजे नोटीस पिरियडवर असलेला सहकारी. शेवटच्या चेंडूवरचा षटकार म्हणजे मार्च एंड. कचरा म्हणजे आपल्यात दडलेले टॅलेंट. (कचऱ्याला संघात घ्यायला आधी अख्खे गाव का तयार नव्हते, त्या भानगडीत पडू नका. हॉलमध्ये सगळ्या आडनावांची माणसे बसलेली असतात आणि जेवणाला अजून तासभर असतो.)

या सिनेमात एक धोका मात्र आहे, तो आधीच सांगून ठेवतो. चांपानेरची माणसे बॅट हातात घेतात ती टीम बिल्डिंगची हौस म्हणून नव्हे. साल १८९३, पाऊस नाही, पीक नाही, आणि वरून कॅप्टन रसेल या गोऱ्या साहेबाने दुप्पट लगान मागितला आहे. जिंकले तर तीन वर्षे माफ, हरले तर तिप्पट. म्हणजे वरून लादलेले टार्गेट झेपत नाही म्हणून अडून बसलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. हे मागच्या टेबलावर कुणाच्या तरी लक्षात यायला वेळ लागत नाही. त्याच महिन्यात दोघे सोडून गेले असतील आणि त्यांचे काम याच्या गळ्यात पडले असेल, तर मुळीच नाही. म्हणून क्लिप थेट सामन्यातली निवडा. आणि काहीही झाले तरी कॅप्टन रसेल कोण ते सांगू नका. तो पहिल्या रांगेत बसलेला असतो, तुमचा चेक त्याच्याच सहीने निघायचा असतो.

जेवणानंतर लोक पेंगायला लागले की ‘चक दे! इंडिया’ काढा. २००७पासून त्यातल्या हॉकी कोचच्या भाषणातली ती सत्तर मिनिटे देशभर फिरतायत. वर्षअखेरीला, तिमाहीअखेरीला, कधी कधी सोमवारी सकाळीसुद्धा साहेब छाती काढून सांगतात, तुमच्याकडे सत्तर मिनिटे आहेत. दरम्यान हॉकीचा सामनाच बदलला. आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, एकूण साठ. खेळाडूंची दहा मिनिटे वाचली. तुमच्या कंपनीत ही बातमी पोहोचणार नाही याची काळजी घ्या.

परदेशी पाहुणे असतील तर सिनेमा बाजूला ठेवून मुंबईचे डबेवाले घ्यावेत. हा माल जगात कुठेही खपतो. ‘फोर्ब्ज’ने १९९८ साली त्यांच्यावर लिहिले, २००३ साली प्रिन्स चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटून गेले, २००५च्या त्यांच्या लग्नाचे आमंत्रण डबेवाल्यांना आले, २०१०मध्ये हार्वर्डने केस स्टडी केली. सिक्स सिग्मा हे अचूकतेचे माप, म्हणजे दहा लाखांत ३.४ चुका, हे तर व्याख्यानात दोनदा तरी यायलाच हवे. झाकणावरचे रंग आणि खुणा स्लाइडवर दाखवा, चाळीसेक डब्यांचे ओझे डोक्यावर घेतलेला टोपीवाला माणूस दाखवा, आणि मग एकदम थांबून म्हणा, “आणि तुम्हाला ईमेलला वेळेवर उत्तर देता येत नाही!” हॉलमधले एसी लावून बसलेले लोक खाली बघतात. हमखास टाळ्या.

इथेही केस स्टडीचे एक पान चिकटवून ठेवावे लागते. या मंडळींचे गट असतात आणि गटाची कमाई ते जवळपास सारखी वाटून घेतात. मुकादम असो की काल लागलेला पोरगा, महिन्याकाठी हातात येणाऱ्या रकमेत फारसा फरक नसतो. नोकर कुणी नाही, सगळे भागीदार. आता मला सांगा, हा बोध कुठल्या बोर्डरूममध्ये काढून दाखवता येईल? वेळेवर या, चूक करू नका, इतके घ्यायचे आणि पुढच्या स्लाइडवर जायचे. २०२०च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली तेव्हा डबेही बंद पडले. पुढे ऑफिसे उघडली, पण डबा मागवणारे बरेच जण घरूनच काम करू लागले आणि घरीच जेवू लागले. डबेवाल्यांकडून वक्तशीरपणा शिकलेलेच हे सगळे. त्यावर मात्र कुणाला तात्पर्य सुचले नाही, आणि न सुचलेलेच बरे, कारण व्याख्यानाच्या शेवटी लोकांना हलके वाटले पाहिजे.

एव्हाना तुमच्या लक्षात आले असेल की बोध काढणे म्हणजे तो आपल्या अंगाला न लागू देता दुसऱ्याच्या ताटात वाढणे. साहेबाने काढलेला बोध हाताखालच्याला लागतो, बापाने काढलेला पोराला. उलट्या दिशेने जाणारा बोध अजून बाजारात आलेला नाही.

‘सैराट’चे उदाहरण घ्या. २०१६ साली आख्ख्या महाराष्ट्राने बघितला, रडला, आणि लगेच त्याचे सार काढले: पोरींना मोबाइल दिला की असे होते. एवढ्या सिनेमातून इतका छोटा निष्कर्ष काढायला हातखंडा लागतो. तुम्हीही शिका. पोटजातीपर्यंत जुळवून आणलेल्या स्थळाची वरात निघते, डीजेवर ‘झिंगाट’ लागते, आणि नवरीचे काका, मामा, चुलतभाऊ कोटाची बटणे सोडून बेभान नाचतात. त्या सिनेमात शेवटी सुरे घेऊन घरात आलेले कोण होते, हे वरातीत विचारू नये. नातलगच होते. गाणे संपू द्यावे, मग जेवायला बसावे.

घरच्या घरी सराव करायचा तर मालिकेइतके चांगले साधन नाही. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे चालली. घरात राबणारी अरुंधती, बाहेर प्रकरण करणारा नवरा, मग घटस्फोट, मग तिने स्वतःचे आयुष्य नव्याने उभे करणे, असा सगळा प्रवास. तो घराघरात कसा बघितला गेला, ते आठवून बघा. सोफ्यावर बाबा, दादा, वहिनी, आजी. आई आत ओट्याशी. तिला पडदा दिसत नाही, संवाद तेवढे ऐकू येतात. शिटी झाली की तेही नाही. मधूनच ती पोळी तव्यावर टाकून दारात येते, हातातले उलथणे तसेच, आणि विचारते, “काय म्हणाली गं अरुंधती?” तेवढ्यात बाबा सांगतात, “पोळी करपतेय.” ती परत आत. जाहिरात लागली की दादा ओरडतो, “आई, दोन पापड भाज ना.” आणि भाग संपल्यावर बाबा भरल्या आवाजात म्हणतात, “खरंच, बाईमाणूस किती सोसतं. आपल्याकडं कुणाला किंमतच नाही.” म्हणजे सोसण्याची किंमत कळली. सोडून जाण्याचे भाग चालू असताना बाबा बातम्या लावायचे.

तुमची चांगली पोस्ट इथेच दडलेली आहे, दूर जायला नको. ‘आईकडून मी काय शिकलो’ असे शीर्षक द्या. संयम, वेळेचे नियोजन, एकाच वेळी चार शेगड्या सांभाळणे, बक्षिसाची अपेक्षा न ठेवणे. मॅनेजमेंटची सगळी प्रकरणे त्यात बसतात. मदर्स डे मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतो, तोवर मजकूर तयार ठेवा. सोबत फोटो हवाच. त्यासाठी आईला दोन मिनिटे बाहेर बोलवा, पदराला हात पुसून ये म्हणावे, आणि येताना गॅस बारीक करायला सांगा, भाजी लागली तर पुन्हा जेवायला उशीर होतो.